शिधा आणि शिदोरी

मराठीत शिधा आणि शिदोरी असे दोन शब्द आहेत. शाळेत शिकवत असताना मी मुलांना त्यांतला फरक हमखास विचारायची. शिधा म्हणजे कोरडं सामान: पीठ, डाळ, मीठ, तिखट. शिदोरी म्हणजे रांधलेलं, फडक्यात बांधून दिलेलं अन्न. शिधा देणारा मनात धरून चालतो की घेणाऱ्याकडे चूल आहे, सरपण आहे, भांडी आहेत आणि रांधणारं माणूसही आहे. शिदोरी देणारा यांतलं काहीच धरून चालत नाही. गाठ सोडायची आणि खायचं.

आमच्या वऱ्हाडात हे फार समजावून सांगावं लागत नाही. वावरात रोडग्यांचा बेत ठरला की घरातली म्हातारी माणसं आदल्या रात्रीच यादी म्हणायला लागतात. कणीक, वांगी, तुरीची डाळ, तेल, गोवऱ्या, पाण्याची घागर... आणि तरी काडेपेटी घरी राहतेच! वावरात दुकान नसतं. एवढ्याशा काडेपेटीपायी वीस माणसं ताटकळत बसतात.

तर मंडळी, ही काडेपेटीची अडचण कॉम्प्युटरवाल्यांनाही आहे आणि चांगली जुनी आहे, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. ते कसं कळलं, ते सांगते.

माझी एक मैत्रीण अकोल्याला असायची. माझ्यासारखीच मराठीची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, ही बाई वऱ्हाडी शब्द गोळा करायला लागली. एसटीने खेडोपाडी जायची, बायकांशी निंदणाच्या धुऱ्यावर बसून बोलायची, आणि घरी येऊन सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायची. दहा-अकरा वर्षं हे चाललं. २०१९ साली ती गेली. काही महिन्यांनी तिच्या मुलाने एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "मावशी, आईचं हे काम तुम्हीच पाहा. आमच्यात कोणाला त्यातलं कळत नाही."

मी अमरावतीला येऊन तो उघडला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. एक शब्द वाचता येईना.

याचं कारण तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तिने सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या काळी बहुतेक लोक तेच करत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ते आपल्या टेबलापर्यंत पोचायला फार वर्षं गेली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीतसुद्धा देवनागरी नीट दिसावी म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागायची, आणि मग ते विंडोजची मूळ सीडी मागायचं. ती सीडी कोणाच्या घरी असायची? त्यापेक्षा फॉन्ट टाकून घेणं सोपं.

कृतिदेवसारख्या फॉन्टची गंमत अशी की फाइलीत मराठी नसतंच. फाइलीत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. 'भारत' लिहायचं तर फाइलीत मोठा एच, दोन के, मग जे आणि आर असं पडतं. मोठा एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना. ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला 'भारत' दिसतं, ज्याच्याकडे नाही त्याला एच-के-के-जे-आर. मैत्रिणीने दहा वर्षांचं काम जपून ठेवलं, पण ते वाचायची किल्ली तिच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरच राहिली, आणि तो कधीच भंगारात गेला होता.

आपल्या भागात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं मोठं स्थान. त्या पंथाचे ग्रंथ कित्येक शतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलेले होते. पोथ्या होत्या, पण किल्ली पंथाबाहेर नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीनंतर ते गद्य बाकीच्या मराठी जगाला वाचता आलं. तिथे किल्ली मुद्दाम लपवली होती. आमच्याकडे ती नुसती सोबत द्यायची राहून गेली. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नको. एक छोटी स्क्रिप्ट लिहितो." इंग्रजीत लिपीलाही स्क्रिप्ट म्हणतात आणि अशा छोट्या प्रोग्रामलाही, हे मला फार आवडलं. एक स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टला सोडवणार!

त्याने ती पायथन भाषेत लिहिली. (हे नाव सापावरून नाही, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून आहे, असं तो म्हणाला.) नुसता 'हे अक्षर काढ, ते घाल' असा तक्ता करून भागत नाही. उदाहरणार्थ, ऱ्हस्व वेलांटी. कृतिदेवात ती जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवतात. म्हणून वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते, आणि पुढे जोडाक्षर असेल तर सगळं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. रफाराचं नेमकं उलटं. 'धर्म' मधला रफार कृतिदेवात शेवटी टाइप होतो, पण उच्चारात र् आधी येतो, म्हणून त्याला मागे ओढायचं. हे नियम मी त्याला फोनवर सांगत होते आणि तो लिहून घेत होता. तीस वर्षं शिकवलेलं व्याकरण असं कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

एका रविवारी त्याने पहिली सुधारलेली फाइल पाठवली. उघडली आणि पहिला शब्द दिसला, 'उलंगवाडी'. कापसाची वेचणी संपली, पऱ्हाटी रिकामी झाली, हंगाम आटोपला की आमच्याकडे म्हणतात तो शब्द. समोर तिचीच वाक्यं. मला वाटलं, बाई बोलायलाच लागली.

इथवर सगळं सुरळीत झालं. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

मैत्रिणीच्या ओळखीच्या पाच-सहा जणी-जणांकडे अकोल्यात अशाच जुन्या फाइली पडून होत्या. कोणाच्या ओव्या, कोणाचा गावाचा इतिहास, कोणाच्या वडिलांच्या आठवणी. घरातलं लिखाण बाहेर पाठवायला कोणी तयार नव्हतं, आणि ते रास्तच आहे. स्क्रिप्टच त्यांच्याकडे पाठवायची असं ठरलं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम झाला होता. आमची स्क्रिप्ट तर ईमेलने दोन सेकंदांत पोचली. आणि पोचून तशीच पडून राहिली.

एका वाचनालयातल्या पोराचा फोन आला, "मॅडम, हे त काहीच होऊन नाही राह्यलं."

पहिली काडेपेटी: त्या कॉम्प्युटरवर पायथनच नव्हतं. स्क्रिप्ट म्हणजे नुसत्या सूचना. त्या वाचून काम करणारा तिथे पाहिजे ना! भाच्याने फोनवर सांगून पायथन टाकून घेतलं.

दुसरी: वर्डच्या फाइली उघडण्यासाठी भाच्याने दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड वापरला होता. त्याला लायब्ररी म्हणतात. ती तिथे नव्हती. आणि गंमत म्हणजे ती लायब्ररी आणखी एका लायब्ररीवर उभी, ती तिसऱ्या एकीवर. पायथन-डॉक्स एलएक्सएमएलवर टेकलेली, एलएक्सएमएल सी भाषेतल्या एका जुन्या लायब्ररीवर टेकलेली. लग्नाला एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याच्यासोबत त्याचा साडू, साडूचा मेव्हणा असं लटांबर यावं, तसं.

तिसरी: अक्षरांचा तक्ता स्क्रिप्टमध्ये नव्हता, वेगळ्या फाइलीत होता, आणि स्क्रिप्ट तो भाच्याच्या पुण्याच्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यावर शोधत होती. अकोल्यात तो पत्ता कुठून सापडणार?

चौथी सगळ्यांत छुपी. भाच्याचा कॉम्प्युटर लिनक्सचा. तिथे पायथन कुठलीही फाइल युनिकोडची समजूनच वाचतं. विंडोजवर स्पष्ट सांगितलं नाही तर ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचायला जातं आणि देवनागरी पाहून अडखळतं. कोडमध्ये एक छोटा उल्लेख घातला की सुटतं, पण स्वतःकडे चालत असलं तर ते कळणार कसं?

भाचा वैतागून म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय, मावशी!" त्याच्या व्यवसायात हे वाक्य फार प्रसिद्ध आहे म्हणे. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. गणिताचे एक सर होते, तेही म्हणायचे, "मी फळ्यावर करतो तेव्हा तर बरोबर येतं."

मग आम्ही नीट विचार करायला बसलो. भाच्याने तीन रस्ते सांगितले आणि मला ते शिधा-शिदोरीच्याच भाषेत कळले.

पहिला रस्ता यादीचा. कुठल्या लायब्ऱ्या लागतात, त्यांची कुठली आवृत्ती, एवढी यादी स्क्रिप्टसोबत द्यायची. घेणाऱ्याने पिप नावाच्या साधनाला ती यादी द्यायची, ते इंटरनेटवरून सामान आणतं. स्वच्छ आणि हलका मार्ग. पण म्हणजे किराण्याची चिठ्ठी दिली, किराणा नाही दिला. नेट नसेल तर अडलं. दुकानदाराने माल काढून घेतला तरी अडलं. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात असं झालं होतं. लेफ्टपॅड नावाचा जेमतेम अकरा ओळींचा कोड त्याच्या लेखकाने भांडण झाल्यावर काढून घेतला, आणि जगभरातले हजारो प्रकल्प अडले. अकरा ओळी! पण सगळे कुठून तरी त्यांच्यावर टेकलेले होते.

दुसरा रस्ता शिध्याचा. यादीतलं सगळं सामान आधीच उतरवून एका फोल्डरमध्ये घालून द्यायचं. मग नेट लागत नाही. पायथन मात्र तिथे असावं लागतं, आणि सामान त्या कॉम्प्युटरच्या जातीचं असावं लागतं. विंडोजचं लिनक्सला चालत नाही, ६४-बिटचं ३२-बिटला चालत नाही. याचाच एक भाऊ आहे, झिपॲप. पायथनमध्ये २०१५ पासून तो घरचाच आहे. स्क्रिप्ट आणि लायब्ऱ्या एकाच झिप फाइलीत बांधून देतो. पण सी भाषेतून आलेला भाग झिपमधून थेट चालत नाही, आणि आमची एलएक्सएमएल नेमकी तशी.

तिसरा रस्ता शिदोरीचा. पाय-इन्स्टॉलर नावाचं साधन आहे. ते स्क्रिप्ट वाचतं, ती कोणाकोणाला बोलावते ते पाहतं, त्यांचे साडू-मेव्हणे शोधतं, आणि पायथनसकट सगळं एका डब्यात भरतं. घेणाऱ्याने डबा उघडायचा. फक्त तक्त्यासारख्या फाइली त्याला आपसूक कळत नाहीत, त्या हाताने सांगाव्या लागतात. (याच्याही पुढची पायरी डॉकर, २०१३ पासूनची. त्यात डब्याऐवजी सगळं स्वयंपाकघरच उचलून नेतात. आमच्या कामाला ते फार झालं असतं.)

अकोल्याची मंडळी पाहता शिदोरीच ठरली. पण तिथेही बारकावे निघाले. विंडोजचा डबा विंडोजवरच भरावा लागतो, म्हणून भाच्याने मित्राचा लॅपटॉप आणला. एका आजोबांचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा, तोही ३२-बिट. पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर चालतच नाही. तेव्हा ३.८ घेऊन, ३२-बिटचा डबा भरला, कारण तो दोन्हीकडे चालतो. पहिला डबा एकाच फाइलीचा केला. तो उघडायला वेळ लागायचा, कारण दर वेळी आतलं सगळं तात्पुरतं बाहेर काढून मांडतो, आणि एका ठिकाणी अँटिव्हायरसने त्याला चोर समजून पकडलं. मग एका फाइलीऐवजी फोल्डर केलं आणि पेनड्राइव्हने पोचवलं. दहा केबीची स्क्रिप्ट, तिचा डबा पंधरा एमबीच्या घरात. हजारपटीहून जास्त! माणसाच्या मानाने त्याचं बोचकं केवढं असतं, ते यावरून कळावं.

शिदोरीचा खरा दोष आकार नाही. शिदोरी शिळी होते. डब्यात भरलेली लायब्ररी त्या दिवसाची. उद्या तिच्यात खोट सापडली, मूळकर्त्यांनी दुरुस्ती केली, तरी तुमच्या डब्यात जुनंच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं, तेव्हा ती बदलण्याइतकंच अवघड काम होतं ते आपल्या कुठल्या डब्यात ती आहे हे शोधण्याचं. आम्ही वापरलेल्या पायथन ३.८ ची देखभालही ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. आमचा डबा नेटवर जात नाही, घरच्याच फाइली उघडतो, म्हणून तेवढं चालून जातं. पण चालून जातं हे माहीत असणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं.

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून महत्त्वाची वाटली. दुसऱ्याच्या चुलीवरचं अन्न आपल्या डब्यात घालताना त्याचं नाव सांगावं लागतं. या लायब्ऱ्या फुकट आहेत, पण त्यांचे परवान्याचे कागद सोबत द्यावेत अशी त्यांची अट आहे. ते आम्ही दिले. कृतिदेव फॉन्ट मात्र घातला नाही. तो आपला नाही, आणि तक्ता असल्यावर त्याची गरजही नाही.

शेवटी आम्ही असं केलं: फोल्डरमध्ये तयार डबा, शेजारी मूळ स्क्रिप्ट, लायब्ऱ्यांची यादी आवृत्तींसकट, परवाने, आणि अक्षरांचा तक्ता बाहेर, उघडा. म्हणजे कोणाच्या फाइलीत एखादं वेगळं चिन्ह निघालं तर ते स्वतः घालू शकतात. आणि एक पानभर मराठी, माझ्या हातचं: हे काय आहे, कसं चालवायचं, मूळ फाइलीला हात लागत नाही. म्हणजे शिदोरीही दिली आणि शिधाही. आज भागावं म्हणून शिदोरी. उद्या डबा चालेनासा झाला तर कोणी शिकलं-सवरलं पोरगं नवीन चुलीवर पुन्हा रांधू शकेल, म्हणून शिधा.

ते वाचनालयातलं पोरगं दोन दिवसांनी म्हणालं, "मॅडम, चालून राह्यलं आता." आजोबांनी वडिलांच्या आठवणींची छापील प्रत माझ्याकडे धाडली.

यानंतर मी पुन्हा मैत्रिणीच्या शब्दांकडे वळले, आणि आता ते मला वेगळे दिसायला लागले. 'सरतं' हा शब्द घ्या. तिने लिहिलंय, तिफणीमागे दोरीने बांधलेली पोकळ नळी, बाई तिच्यातून मुठीने दुसरं बियाणं सोडत चालते. आता हे कळायला तिफन माहीत पाहिजे. कापसाच्या वावरात तूर कशाला पेरतात ते माहीत पाहिजे. ट्रॅक्टरने पेरलेल्या वावरात वाढलेल्या पोराला हे कुठून दिसणार? एक शब्द दुसऱ्यावर टेकलेला, दुसरा एका अवजारावर, अवजार एका बाईच्या चालीवर. शब्दकोशात आपण बहुतेकदा नुसती यादी देतो आणि धरून चालतो की बाकीचं घेणाऱ्याच्या घरी असेल.

माझ्या मैत्रिणीला हे कॉम्प्युटर न शिकताच कळलं होतं. तिने प्रत्येक शब्दापुढे वाक्य लिहिलंय, कुठल्या गावात ऐकला ते लिहिलंय, कोण आणि कधी बोलतं ते लिहिलंय, पुष्कळ ठिकाणी वहीत काढलेल्या चित्राचा पान नंबरही दिलाय. त्या वह्या तिच्या मुलाने माळ्यावरून काढून दिल्या. सध्या मी चित्रांचे फोटो काढून शब्दांशेजारी लावते आहे. जमलं तर काही शब्द बायकांच्या आवाजात रेकॉर्ड करायचे आहेत. 'काऊन' कागदावर लिहिलेला वेगळा आणि तोंडातून आलेला वेगळा.

स्क्रिप्टने सगळं अक्षर न् अक्षर बरोबर सोडवलं. मी पडताळून पाहिलं. फक्त शेवटच्या फाइलीत सोळा शब्द असे आहेत की त्यांच्यासमोर ना अर्थ, ना वाक्य, ना गाव. प्रत्येकापुढे दोनच शब्द आहेत, स्वच्छ युनिकोडमध्ये: 'आईला विचारणे'.

तिची आई तिच्याआधी सहा महिने गेली होती. ते सोळा शब्द घेऊन मी या महिन्यात तिच्या माहेरच्या गावी जाणार आहे. तिथे ऐंशीच्या पुढच्या तीन बायका आहेत असं कळलंय.